रंग धरला म्हणजे पराग जिवंत, हे खरे नाही

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत परागकणांचा जिवंतपणा कसा तपासतात यावर आलेला लेख वाचला. या विषयाला अर्धे पान दिल्याबद्दल मनापासून आभार. लेखकाने सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन फार आस्थेने केले आहे. पण लेखाच्या मध्यावर एक विधान आहे, आणि त्याच्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अ‍ॅसिटोकार्मिन या रंगद्रावणाच्या थेंबात जे कण लाल झाले ते जिवंत आणि जे पांढुरके राहिले ते मृत, असे लेखात म्हटले आहे. पुढे टक्केवारी दिली आहे, तीही याच हिशेबाने. ती टक्केवारी जिवंत परागाची नाही. लेखाखाली पुढच्या अंकात एवढी एक ओळ छापावी अशी विनंती आहे: दिलेला आकडा रंग धरणाऱ्या कणांचा आहे, पराग रुजवून पाहिलेला नाही.

मी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिके घेत आले, आता निवृत्त आहे. हेच विधान विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षे तपासले आहे. एका तुकडीच्या वहीतून दुसऱ्या तुकडीच्या वहीत ते उतरते, तिथून प्रकल्पात जाते आणि प्रकल्पातून प्रबंधाच्या तक्त्यात. तक्त्यात गेल्यावर त्याला कोणी हात लावत नाही. आता ते वर्तमानपत्रात आले, म्हणजे पुढची तुकडी कात्रण चिकटवणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अ‍ॅसिटोकार्मिन कसे बनते ते आधी पाहू. कार्मिनची पूड ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात उकळतात, थंड करून गाळतात. बहुतेक ठिकाणी १ किंवा २ टक्क्यांचे द्रावण वापरतात. अ‍ॅसेटिक आम्ल हे पेशी स्थिर करणारे रसायन आहे. गुणसूत्रे पाहण्यासाठी आपण ते वापरतो ते याच कारणाने: पेशी आहे त्या स्थितीत जागच्या जागी मरते आणि आतली रचना टिकते. अशा थेंबात पराग टाकला की तो तिथेच मरतो. लाल झालेला प्रत्येक कण, मोजणी सुरू होण्याआधीच मेलेला असतो. मग त्याच्या लालीवरून तो जिवंत होता की नाही हे कसे सांगणार? रंग केंद्रकाला आणि पेशीद्रव्याला धरतो. आत माल आहे की नाही, एवढेच तो सांगतो. शेंग चिमटीत दाबली तर ती भरलेली आहे की फोल हे कळते, आतला दाणा रुजेल की नाही हे कळत नाही. अ‍ॅसिटोकार्मिनचे काम त्या चिमटीचे आहे.

हे तोंडी सांगून विद्यार्थ्यांना पटत नसे. मग मी एक साधी गोष्ट करू लागले. तेरड्याचा ताजा पराग घ्यायचा आणि त्याचे दोन भाग करायचे. एक भाग तसाच ठेवायचा, दुसरा ओव्हनमध्ये ८० अंश सेल्सिअसला दोन तास. दोन्ही भागांच्या अ‍ॅसिटोकार्मिनमधल्या काचपट्ट्या नाव न लिहिता वाटायच्या. मुले मोजत, टक्केवारी काढत, फळ्यावर लिहीत. दोन्ही काचपट्ट्यांचे आकडे इतके जवळ येत, की कोणती कुठली हे आकड्यांवरून कोणालाही सांगता येत नसे. मग त्याच दोन भागांतला पराग साखर आणि बोरिक आम्लाच्या थेंबात टाकायचा. थोड्या वेळात एका थेंबात कणाकणातून नलिका बाहेर पडू लागत, म्हणजे पराग रुजू लागे. दुसरा थेंब तासाभरानेही जसाच्या तसा. ज्या मुलाने मेलेल्या परागाचा आकडा मोठ्या अक्षरांत फळ्यावर ‘जिवंत’ म्हणून लिहिलेला असे, तो मग आपण होऊन उठून ते पुसत असे. मला यापेक्षा चांगला धडा देता आला नाही.

भाजलेला कण बाहेरून धडधाकट का दिसतो, याचे कारण त्याच्या कवचात आहे. बाह्यकवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. सजीवांनी बनवलेल्या सर्वांत चिवट पदार्थांत त्याची गणना होते. आम्ले, अल्कली, कुजवणारे जीवाणू, कशालाच ते सहजी दाद देत नाही. त्यामुळे दलदलीच्या आणि तळ्यांच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे, आणि खडकांत लाखो वर्षांपूर्वीचे परागकण नक्षीसह ओळखता येतात. प्राचीन काळी कुठे कोणती झाडे होती, हे त्यांच्यावरून ठरवता येते. असे कवच असल्यावर आकार शाबूत आहे म्हणून जीव शाबूत आहे असे मानण्याला काही आधार उरत नाही.

याचा अर्थ रंगवण्याच्या पद्धती टाकून द्या असा नाही. त्यांचा स्वतःचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाला त्या फार चांगले उत्तर देतात. पराग नीट घडला का, हा तो प्रश्न. दोन दूरच्या जातींचा संकर केला, किंवा गुणसूत्रांचे तीन संच असलेले झाड घेतले, तर अर्धसूत्री विभाजनात जोड्या नीट जुळत नाहीत आणि बरेचसे कण पोकळ, सुरकुतलेले, लहान राहतात. तिथे अ‍ॅसिटोकार्मिन पुरेसे आहे. त्याहून स्पष्ट काम अलेक्झांडर यांच्या १९६९ च्या रंगमिश्रणाने होते. त्यात मॅलॅकाइट ग्रीन कवचाला हिरवे करते आणि अ‍ॅसिड फ्युक्सिन पेशीद्रव्याला किरमिजी. भरलेला कण हिरव्या कडेचा किरमिजी दिसतो, पोकळ कण नुसता हिरवा. मूळ कृतीत फिनॉल आणि क्लोरल हायड्रेट ही घातक रसायने होती. २०१० मध्ये ती वगळून केलेली सोपी कृती प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची तर हीच द्यावी, असा माझा आग्रह आहे. आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण स्टार्च दाखवते. भातासारख्या ज्या परागांत पक्व होताना स्टार्च साठतो तिथे नर-वांझ, म्हणजे ज्यांचा पराग नीट घडत नाही अशी, झाडे ओळखायला ते फार उपयोगी. पण काही जातींच्या पक्व परागात स्टार्चऐवजी तेल असते, तिथे आयोडीनचा काही उपयोग नाही. शिवाय या तिन्ही रंगांना जिवंत आणि नुकताच मेलेला कण सारखाच. कपाटात वर्षभर राहिलेल्या परागालाही ते पहिल्या दिवसाइतकाच चांगला रंग देऊ शकतात.

जिवंतपणाचा प्रश्न विचारणारे रंग वेगळे. त्यांना जिवंत पेशीने काहीतरी करावे लागते.

त्यातला एक टेट्राझोलियम, प्रयोगशाळेच्या भाषेत टीटीसी. हे मुळात रंगहीन मीठ आहे. पेशीचा श्वसनव्यवहार चालू असेल तर तिथली डीहायड्रोजनेज विकरे त्याचे क्षपण करतात आणि न विरघळणारे लाल फॉर्मझान तयार होते. बियाण्याच्या तपासणीत ही पद्धत पूर्वीपासून आहे. परागासाठी साखरेच्या द्रावणात टीटीसी घालून, कव्हरस्लिप ठेवून, काचपट्टी अंधारात ठेवतात, कारण उजेडात टीटीसी आपोआपच लाल होऊ लागते. इथे एक बारकावा विद्यार्थी हमखास विसरतात. ऑक्सिजन या क्रियेच्या आड येतो. कव्हरस्लिपच्या कडेला हवा लागते, म्हणून तिथले कण जिवंत असूनही रंगहीन राहू शकतात. मोजणी मधल्या भागातच करावी. दुसरी अडचण छटांची. गडद लाल, लाल, गुलाबी, किंचित गुलाबी: रेघ कुठे ओढायची? दोन माणसांची रेघ एका जागी येत नाही. काही जातींच्या परागाला स्वतःचा पिवळा-नारिंगी रंग असतो, तिथे तर आणखी पंचाईत. काही जातींत मेलेला परागही थोडा रंग धरतो. म्हणून भाजलेल्या परागाची काचपट्टी इथेही शेजारी हवीच.

दुसरी पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. जॉन आणि योलांडे हेस्लॉप-हॅरिसन या संशोधक दांपत्याने ती १९७० मध्ये मांडली. फ्लुओरेसिन डायअ‍ॅसिटेट हा पदार्थ चमकत नाही आणि त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो पेशीपटलातून सहज आत जातो. आत एस्टरेज नावाची विकरे त्याचे अ‍ॅसिटेटचे तुकडे तोडून टाकतात आणि फ्लुओरेसिन मोकळे होते. हे चमकते, पण याला पटलातून बाहेर पडणे अवघड. पटल धड असेल तर ते आत साचत जाते आणि निळ्या प्रकाशाखाली कण हिरवागार उजळतो. पटल फाटलेले असेल तर जे बनते ते गळून जाते आणि कण काळोखा राहतो. म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या जातात: विकरे काम करतात का, आणि पटल आतले आत धरून ठेवते का. जिवंत पेशीची व्याख्या करायला बसलो तर या दोन गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागेल. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेले मूळ द्रावण साखरेच्या द्रावणात थेंबाथेंबाने, किंचित दुधी दिसेपर्यंत घालायचे, त्यात पराग टाकायचा आणि काही मिनिटांत पाहायचे. फार वेळ ठेवले तर धडधाकट कणांतूनही रंग झिरपतो आणि पार्श्वभूमीच चमकू लागते. अडचण एकच, पण मोठी. प्रतिदीप्ती दाखवणारा सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो प्रत्येक प्रयोगशाळेत नसतो.

जो सगळ्यांना करता येतो तो प्रयोग म्हणजे पराग रुजवणे. फुलात परागाचे काम तेच आहे. कुक्षीवर पडायचे, पाणी घ्यायचे, नलिका बाहेर काढायची आणि कुक्षीवृंतातून बीजांडापर्यंत पोचायचे. ही नलिका पहिल्यांदा पाहिली ती जिओव्हानी बॅटिस्टा अमिची यांनी, १८२४ च्या सुमारास, घोळ या वनस्पतीच्या कुक्षीवर. अमिची भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे, खगोलशास्त्राचे अभ्यासक. कुक्षीवरच्या केसांतला द्रवाचा प्रवाह पाहत असताना शेजारचा परागकण नळी बाहेर काढताना त्यांना दिसला. पुढे १८३० मध्ये ही नळी बीजांडापर्यंत जाते हेही त्यांनी कळवले. थेंबातली पहिली नलिका दिसली की मी वर्गात ही हकीकत सांगत असे. भिंगातून पाहणाऱ्याचे लक्ष जागे असेल तर शेजारी काय सापडेल हे मुलांना कळावे, एवढाच हेतू.

नुसत्या पाण्यात बरेच पराग फुटतात, कारण पाणी आत घुसून कणाला फुगवते. साखर तो दाब आवरते आणि वाढणाऱ्या नलिकेला अन्नही पुरवते. किती साखर हे जातीवर अवलंबून. कुणाला ५ टक्के पुरते, कुणाला २० लागते. कुक्षीत बोरॉन असते, परागात फारच थोडे. म्हणून थेंबात बोरिक आम्ल घालावे लागते. यात मोठी भर घातली ब्रूबेकर आणि क्वाक या संशोधकांनी, १९६३ मध्ये. पराग दाट टाकला तर चांगला रुजतो, विरळ टाकला तर रुजतच नाही, हे कोडे बऱ्याच जणांना पडले होते. या दोघांनी दाखवले की कणांतून झिरपणारे कॅल्शियम एकमेकांच्या उपयोगी पडते. माध्यमात कॅल्शियम घातले की एकटादुकटा कणही रुजतो. ३९ कुळांतल्या ८६ जातींवर त्यांनी हे तपासले. त्यांचे माध्यम आजही जगभर वापरतात: १० टक्के सुक्रोज, आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम बोरिक आम्ल, ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, २०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, १०० मिलिग्रॅम पोटॅशियम नायट्रेट. कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत ही रसायने असतात. ओल्या टीपकागदाच्या पेट्री डिशमध्ये थेंब ठेवायचा, की तो सुकत नाही. तापमान २५ अंशांच्या आसपास. तेरडा काही मिनिटांत नलिका काढू लागतो, तंबाखू आणि लिलीला जास्त वेळ द्यावा लागतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझेही विधान अर्धवट राहील. थेंबात रुजला नाही म्हणून पराग मेला, हेसुद्धा खरे नाही. फुलझाडांच्या बहुतेक जातींत पराग बाहेर पडताना त्यात दोन पेशी असतात, काहींत तीन. ब्रूबेकर यांनीच १९६७ मध्ये सुमारे २,००० जातींची पाहणी करून दोनवाल्यांचे प्रमाण साधारण ७० टक्के असल्याचे दाखवले. दोनवाला पराग थेंबात सहसा आनंदाने रुजतो आणि टिकतोही बरा. तीनवाला, म्हणजे गवते, सूर्यफुलाचे कुळ, मोहरीचे कुळ यांतला, माध्यमाच्या बाबतीत फार हट्टी आणि आयुष्याला कमी. मोहरीच्या कुळासाठी माध्यमात पॉलिएथिलीन ग्लायकॉल घातल्यावर काम सुधारते. सूर्यफुलाचा पराग साध्या माध्यमात नाही रुजला तर दोष बहुधा माध्यमाचा.

सुका पराग एकदम थेंबात टाकणे हेही खोट्या मृत्यूचे मोठे कारण आहे. वाळलेल्या कणाचे पेशीपटल विस्कळीत अवस्थेत असते. त्याला एकदम पाणी मिळाले, त्यातून थंड पाणी मिळाले, तर पटल सावरायच्या आतच आतला माल गळून जातो. कुक्षीवर असे होत नाही, तिथे पाणी हळूहळू मिळते. म्हणून साठवलेला पराग थेंबात टाकण्याआधी दमट हवेत ठेवावा: बंद पेट्री डिश, आत ओला कागद, पराग पाण्याला न लागता उघड्या काचपट्टीवर. अर्धा तास अशा हवेत ठेवल्याने परिणाम पूर्ण पालटू शकतो. फ्लुओरेसिनच्या चाचणीलाही हाच नियम.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे की रंगाचा आकडा कमाल मर्यादा सांगतो आणि रुजण्याचा आकडा किमान. पोकळ कण जिवंत असूच शकत नाही, म्हणून जिवंत पराग रंग धरणाऱ्यांपेक्षा जास्त असणार नाही. नलिका काढणारा कण मेलेला असूच शकत नाही, म्हणून जिवंत पराग रुजलेल्यांपेक्षा कमी असणार नाही. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. दोन आकडे जवळ असतील तर निश्चिंत व्हावे. लांब असतील तर माध्यम बदलून पाहावे, ओलावा देऊन पाहावे, साधन असेल तर फ्लुओरेसिन करून पाहावे. आपल्या लेखात फक्त कमाल मर्यादा दिली आहे, आणि तिलाच उत्तर म्हटले आहे.

मोजणीबद्दलही लेखात काही नाही, आणि आकड्याचा सगळा भरवसा तिथे आहे. नलिकेची लांबी कणाच्या व्यासाइतकी किंवा जास्त झाली तरच कण रुजला असे धरतात. नुसता फुगवटा आला, किंवा कण फुटून आतला माल धारेसारखा बाहेर आला, तर ते रुजणे नव्हे. फुटलेले कण वेगळे मोजावेत, त्यांची संख्या मोठी असेल तर साखर कमी पडते आहे असे समजावे. पोकळ कण हलके असतात, ते कव्हरस्लिपच्या कडेकडे सरकतात. फक्त मधला भाग मोजला तर पराग आहे त्यापेक्षा चांगला दिसतो, फक्त कड मोजली तर वाईट. टीटीसीला मधला भागच मोजावा लागतो, तेव्हा हा धोका लक्षात ठेवूनच आकडा वाचायचा. इतर पद्धतींत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टा धरून मोजावे. आणि किती कण मोजले? १०० कणांत ५० रुजले तर खरा आकडा साधारण ४० ते ६० च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ४०० मोजले तर ती रुंदी ४५ ते ५५ वर येते. १०० कण मोजून दोन झाडांमधल्या पाच टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष काढलेले मी कितीतरी प्रकल्प पाहिले आहेत. त्या मुलांची मेहनत खरी असते, म्हणून जास्त वाईट वाटते. शिवाय एका फुलातले ४०० कण म्हणजे झाडाचा पराग नव्हे. वेगवेगळी फुले, वेगवेगळी झाडे घ्यावीत.

कोणी म्हणेल, एवढे कशाला, फुलावर पराग टाकावा आणि बी धरते का पाहावे. अंतिम कसोटी तीच आहे हे मान्य. पण ती फार ढोबळ आहे. कुक्षीवर शेकडो कण पडतात आणि बीजांडे असतात थोडी. पाचातला एकच कण जिवंत असेल तरी फळ पूर्ण भरू शकते. उलट बी धरले नाही तर दोष परागाचा, बीजांडाचा, अन्नपाण्याचा की परस्परांत न जुळण्याचा, हे कळायला मार्ग नाही. अधलामधला चांगला मार्ग म्हणजे परागण झालेली कुक्षी आणि कुक्षीवृंत काही तासांनी काढून, स्थिर करून, अल्कलीत मऊ करून अ‍ॅनिलिन ब्लूने रंगवणे. नलिकेच्या भिंतीतल्या कॅलोज नावाच्या पदार्थाला हा रंग धरतो आणि अतिनील प्रकाशाखाली नलिका पिवळसर हिरव्या रेषांसारख्या उजळतात. १९५९ पासून ही पद्धत वापरात आहे. नलिका कुठपर्यंत गेल्या, कुठे अडल्या, हे प्रत्यक्ष दिसते.

आणि वेळ. भाताचा पराग परागकोशातून बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच निकामी होऊ लागतो. गव्हाचा अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो, मक्याचा काही तास, तोही हवा फार गरम आणि कोरडी नसेल तर. खजुराचा पराग कोरडा आणि थंड ठेवला तर एका हंगामातून पुढच्या हंगामात नेता येतो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, कित्येक जातींचा पराग वर्षानुवर्षे राखता येतो. वेगवेगळ्या काळात फुलणाऱ्या दोन झाडांचा संकर करायचा असेल, किंवा दुर्मीळ झाडाचा वंश राखायचा असेल, तर सगळी भिस्त या साठवलेल्या परागावर असते. अशा परागपेढीने जर फक्त अ‍ॅसिटोकार्मिनने तपासणी केली, तर तिला वर्षामागून वर्ष तोच उत्तम आकडा मिळत राहील आणि कुपीतला पराग कधी मेला हे कळणारही नाही. ज्या झाडाला वर्षातून एकदाच फुले येतात, त्याच्या बाबतीत ही चूक पुढच्या हंगामापर्यंत दुरुस्त होत नाही. उष्णतेच्या परिणामांबाबतही तेच. कळी घडत असताना उष्णता लागली तर टोमॅटोसारख्या झाडात पराग पोकळ राहतो, आणि ते रंगाने दिसते. पण पराग नीट घडून बाहेर पडल्यावर उन्हाने मेला, तर रंग त्याचा पत्ता लागू देणार नाही.

म्हणून लेखकांना, शिक्षकांना आणि प्रकल्प तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे. परागाचा कोणताही आकडा देताना पद्धतीचे नाव लिहावे. फूल उमलल्यापासून किंवा पराग काढल्यापासून किती वेळाने तपासला ते लिहावे. कण किती मोजले, किती फुलांतले, तापमान काय होते, दमट हवा दिली होती का, तेही लिहावे. आणि त्याच पद्धतीने भाजलेल्या परागाची टक्केवारी शेजारच्या रकान्यात द्यावी. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी पराग कोरड्या परीक्षानळीत घालून, तोंड घट्ट बंद करून, ती नळी तेवढाच वेळ उकळत्या पाण्यात उभी ठेवावी. पराग मात्र कोरडा राहिला पाहिजे, आणि मग तो खरोखर मेला आहे ना हे रुजवून पाहिल्यावरच त्याची काचपट्टी करावी.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका